राजा कुणासारखा

दादांनी पुढच्या रांगेत बसायला नकार दिला आणि तिथूनच सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मान वर करून बघायची सवय नाही मला," असं म्हणून ते काठी टेकत तिसऱ्या रांगेत गेले आणि मधोमध बसले. काठी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. म्हणजे ती खुर्चीही भरली. आई मुकाट्याने काठीच्या पलीकडे बसली. उरलेल्या घराने, मुलांनी आणि सुनेने, मग आपापल्या जागा शोधल्या, आणि त्या शोधण्यातही कोण कुणाच्या बाजूचं ते दिसून आलं. ताई पहिल्या रांगेत, दाराशी उभ्या असलेल्या धाकट्या भावाच्या अगदी जवळ. वहिनी मागच्या कोपऱ्यात, आणि तिच्या शेजारी तिचा नवरा, म्हणजे घरातला थोरला, ज्याला लहानथोर सगळे भाऊच म्हणत.

सिनेमाच्या स्टुडिओतली ती खोली अरुंद आणि लांबट होती. भिंतींना जाड तपकिरी कापड लावलेलं, त्यात वर्षानुवर्षांच्या सिगारेटींचा वास मुरलेला. मागच्या भिंतीत एक चौकोनी भोक होतं आणि त्यातून प्रोजेक्टरवाल्याचं नुसतं कपाळ दिसत होतं. दाराशी धाकटा उभा होता. त्याच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. चाळिशी उलटली, कपाळ मागे सरकलं, तरी घरात तो छोट्याच होता. आज आपला पहिला सिनेमा आपल्याच माणसांना दाखवताना तो खरोखर छोटा दिसत होता.

"सुरू करू का, दादा?" त्याने विचारलं.

"मला का विचारतोस? सुरू कर," दादा म्हणाले.

पण विचारायचं त्यांनाच होतं, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

'महाराज जेवताहेत' हे नाटक दादांनी लिहिलं तेव्हा भाऊचा जन्मही झालेला नव्हता. एका राज्यात असा नियम असतो की राजा जेवत असताना त्याला वाईट बातमी सांगायची नाही. एके दिवशी राजा पहिला घास तोंडात घालतो आणि नेमका तेव्हाच शत्रू वेशीवर येतो. प्रधानाच्या चेहऱ्यावरून राजाला काय ते कळतं. मग तो जेवण संपवतच नाही. ताट उठलं की बातमी ऐकावी लागणार, म्हणून तो जेवत राहतो. तीन अंक जेवतो. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत. दादांनी स्वतः राजाचं काम केलं, आई राणी झाली, आणि त्या एका नाटकावर त्यांची कंपनी उभी राहिली. पुढे दादांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी मुकुट भाऊच्या डोक्यावर ठेवला. आवाज बेंबीतून कसा काढायचा, चालताना अंग कसं डोलवायचं, ढेकर कुठल्या शब्दानंतर द्यायची, सगळं शिकवलं. भाऊने ते जसंच्या तसं केलं. वर्षानुवर्षं केलं. अलीकडे खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या होत्या. टाळ्या पडत, पण त्या जुना शेजारी रस्त्यात दिसल्यावर त्याला हात करावा तशा.

मग छोट्याने या नाटकावर सिनेमा काढायचं मनात घेतलं. दादा हो म्हणाले याचंच सगळ्यांना नवल वाटलं. फक्त एक अट त्यांनी करारात घालून घेतली होती. तयार सिनेमा आधी ते बघतील, आणि त्यांना पटला नाही तर त्यांचं नाव आणि नाटकाचं नाव, दोन्ही त्यावरून काढायचं. राजाच्या कामासाठी छोट्याने भावाला घेतलं नाही. पडद्यावरचा एक नावाजलेला नट घेतला. भाऊला त्याने सेनापतीचं काम देऊ केलं होतं. भाऊने येत्या हंगामातल्या नाटकाच्या दौऱ्याच्या तयारीचं कारण सांगून ते टाळलं. दादांनी नाही म्हटलं तर सिनेमात पैसा घातलेल्या निर्मातीबाई तो बाहेर काढायला धजणार नव्हत्या, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे दौरा होईल, आणि राजा भाऊच राहील. आपल्या भावाचा सिनेमा पडावा असं भाऊला मनातून वाटत होतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच, आणि बायकोला ते केव्हाच कळलं होतं.

दिवे गेले.

सुरुवातीला महाल दिसला, उंच दरवाजे, दिव्यांची झुंबरं, भरजरी कपडे घालून धावणारी माणसं. भाऊ खुर्चीत रेलला. त्याला बरं वाटलं. इतका थाट केला की विनोद मरतो, हे त्याला पाठ होतं. मग पडद्यावर एक हात आला. नुसता हात. राजा बोलण्याआधी मेजाच्या कडेवर दोन बोटं वाजवत होता. हळू, एकामागून एक, जणू समोरच्याला गप्प बसायला थोडा वेळ देतोय.

भाऊ सरळ बसला.

"प्रधानजी, तुमचं काय मत आहे?" पडद्यावरच्या राजाने विचारलं. प्रधानाने तोंड उघडलं. "उत्तम मत आहे," राजा म्हणाला, "मलाही तसंच वाटतं."

वहिनीने पदर तोंडाशी नेला.

मग राजा उठला, आणि उठताना त्याने दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, कुणीतरी आपल्यावर मोठाच अन्याय केलाय असा सुस्कारा सोडला. मग तो राणीच्या ताटाकडे वळला. "बघू, तुझ्यात मीठ बरोबर पडलंय का," म्हणाला आणि तिच्या ताटातला एक घास उचलला. बरोबर पडलं होतं. खात्री करायला त्याने आणखी एक उचलला. मग बोलता बोलता, राज्यकारभाराच्या गंभीर गोष्टी करता करता, त्याने राणीचं सगळं ताट संपवलं आणि शेवटी तिच्याकडे बघून मायेने म्हणाला, "तू काहीच कशी खात नाहीस?"

भाऊने पुढे बसलेल्या दादांकडे बघितलं. हा नट सिनेमा सुरू होण्याआधी महिनाभर घरी येत होता. नाटक समजून घ्यायला येतो, असं सांगायचा. दादांसमोर बसून चहा घ्यायचा, मान डोलवायचा. "मुलगा नम्र आहे, ऐकून घेतो," असं दादा कौतुकाने सांगायचे. तो ऐकत नव्हताच. बघत होता. दादांची बोटं, दादांचा सुस्कारा, प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देणं, आईच्या ताटातलं मीठ. सगळं उचलून त्याने राजाला घातलं होतं, आणि ते राजाला असं बसलं होतं की जणू त्याच्याच मापाने शिवलंय.

वहिनीच्या बोटांनी भाऊचं मनगट आवळलं. ती हसू दाबत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढे ताईची मान ताठ झाली होती. छोट्या दाराशी उभ्या उभ्या अंग चोरत होता.

आणि मग तिसऱ्या रांगेतून हसू आलं. आधी एक फुटका हुंकार, मग न आवरणारं, पोटातून येणारं, मोकळं हसू. भाऊला क्षणभर कळेना, ही बाई कोण. नंतर लक्षात आलं, आई हसतेय. तोंडावर हात न ठेवता, काठीच्या पलीकडे बसून, खांदे गदागदा हलवत.

दादा हलले नाहीत. सिनेमा संपेपर्यंत त्यांची पाठ भाऊला दिसत राहिली, आणि त्या पाठीवरून काही म्हणजे काही वाचता येईना.

दिवे लागले तेव्हा कुणी कुणाकडे बघितलं नाही. दादांनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले, सुस्कारा सोडायच्या बेतात आले आणि अर्ध्यातच थांबले. मग नुसतेच उठले. "जरा बाहेर जाऊन येतो," म्हणाले. "कुणी माझ्याबरोबर यायला नको."

शेजारच्या खोलीत चहा मांडला होता. दार लोटलं जाताच ताईचा बांध फुटला.

"तुला काही लाज, छोट्या? वर्षभर मी तुझ्यासाठी भांडले. दादांना मी मनवलं. भाऊशी मी वाईटपणा घेतला. आणि तू काय केलंस? जन्मदात्या बापाला चव्हाट्यावर उभं केलंस."

"मी काही केलं नाही, ताई. मी त्याला सांगितलं नव्हतं असं कर म्हणून. पहिल्या दिवशी सेटवर त्यानं ते केलं, आणि मी..." छोट्या थांबला. "मी हसलो. कॅमेऱ्यामागं उभा राहून इतका हसलो की ते चित्रण पुन्हा करावं लागलं."

"तेव्हाच थांबवायचं होतंस."

"थांबवायला हवं होतं, हे कळत होतं मला. पण ते खरं होतं, ताई. आजवर हा राजा नुसता हास्यास्पद होता. पहिल्यांदा तो माणूस वाटला. मला त्याच्यावर माया आली."

"माया आली म्हणे. दादांना काय वाटलं असेल याचा विचार केलास?" ताई भाऊकडे वळली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. असा मऊ आवाज तिने भाऊशी वर्षभरात काढला नव्हता. "भाऊ, तू बोल. तूच काय ते बोलू शकतोस. दादा तुझं ऐकतील. त्यांना सांग, हा तुमचा अपमान आहे, नाव काढून घ्या. सरळ गोष्ट आहे. दौरा आहेच आपला."

'आपला' म्हणाली ती. कालपर्यंत तो दौरा म्हणजे भाऊचा हट्ट होता.

भाऊने बायकोकडे बघितलं. घरी हीच रोज त्याचे कान भरत असे, की तुझ्या हक्काचं काम परक्याला दिलं, आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. आता तिने री ओढायला हवी होती. पण वहिनी खिडकीशी उभी राहून कपातल्या चहावर फुंकर घालत होती.

"तुला काय वाटतं?" भाऊने तिला विचारलं.

"मला ना," वहिनी सावकाश म्हणाली, "माझं सासर पहिल्यांदा बाहेरून दिसलं आज. इतकी वर्षं मी त्या मेजावर वाढतेय, मला वाटायचं मीच एकटी वेडी आहे. हे सगळं मलाच दिसतं. आज कळलं की सगळ्यांनाच दिसत होतं."

"म्हणजे तू छोट्याच्या बाजूनं?" ताई म्हणाली.

"मी कुणाच्याच बाजूनं नाही, ताई. मला हसू आलं. आलेलं हसू परत कसं घेऊ?"

मग सगळे आईकडे बघायला लागले. आई खुर्चीवर बसून चहात साखर ढवळत होती. साखर केव्हाच विरघळली होती.

"आई, तू तरी कशाला हसलीस गं इतकी?" ताई रडवेली झाली होती. "ते शेजारी बसले होते."

"हो, बसले होते," आई म्हणाली. आणि चहा ढवळत राहिली.

निर्मातीबाई दारातून डोकावल्या, वातावरण बघितलं आणि आल्या पावली परत गेल्या.

भाऊने कप खाली ठेवला आणि तो दादांना शोधायला निघाला.

दादा फार लांब गेले नव्हते. पटांगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिनेमातला भोजनमहाल अजून अर्धा उभा होता. पुढून सोनेरी खांब, मागून नुसत्या फळ्या आणि खिळे. लांबलचक मेजावर धूळ बसली होती, आणि मेजाच्या टोकाला, राजाच्या उंच पाठीच्या खुर्चीत दादा बसले होते. त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. भाऊला वाटलं, हे इतके लहान कधी झाले?

"बस," दादा म्हणाले. भाऊ एका बाकावर बसला.

दादांची दोन बोटं मेजाच्या कडेवर गेली. त्यांनी ती बघितली आणि मूठ मिटून मांडीवर ठेवली.

"मी असा आहे?" त्यांनी विचारलं.

भाऊने आयुष्यभर या माणसाला हवं ते उत्तर दिलं होतं. कुठलं उत्तर हवंय हे त्याला आवाजावरूनच कळायचं. आज आवाजावरून काही कळेना.

"हो, दादा," तो म्हणाला.

दादांनी समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं.

"हे नाटक मी तुझ्या आजोबांवर लिहिलं होतं. तुझ्या आईच्या वडलांवर. मी तेव्हा ज्या नाटक कंपनीत होतो, ती त्यांची होती. आम्ही नट जेवायला बसलो की ते पंगतीत फिरायचे आणि सगळ्यांना विचारायचे, पोटभर झालं ना? आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणायचे, झालं, झालं, उठा. मी त्यांची नक्कल करायचो. चोरून. तुझी आई विंगेत उभी राहून हसायची. पहिलं वाचन केलं तेव्हा इतकी हसली की तिला बाहेर न्यावं लागलं. बापावर हसणारी मुलगी. मला वाटलं, हिच्याशी लग्न केलं की जन्म हसत जाईल."

"गेला की."

"नाही. तुला माहीत आहे." दादांनी मान हलवली. "ते हसू नंतर मी कधी ऐकलंच नाही. मला वाटायचं वय झालं, संसार, मुलं, तीन पोरं सांभाळायची, कुठून हसेल. आज ऐकलं. तेच हसू, अगदी तेच. शेजारी बसून ऐकत होतो, आणि लक्षात आलं की हे हसू गेलं नव्हतं. ज्याच्यावर हसता येईल असं कुणी मी तिच्यासमोर शिल्लक ठेवलं नव्हतं."

बाहेर कुणीतरी फळ्या उतरवत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"तुझी बहीण म्हणेल हा अपमान आहे," दादा म्हणाले. "आणि खरं सांगू, आहेच. मी अजून रागावलेलो आहे. तो हलकट मुलगा माझा चहा पिऊन गेला. मला नाव काढून घेता येईल. त्यात काही अवघड नाही. तू दौरा काढ, पूर्वीसारखा. मी आता आत जाऊन नाही म्हणतो, विषय संपला. फक्त तू म्हण."

हे त्यांनी अगदी सहज, सरळ त्याच्यासमोर ठेवलं. त्याने एकच शब्द बोलायचा होता. तोही खोटा नव्हता. अपमान होताच. आणि त्या एका शब्दाने त्याचा राजा, त्याची खुर्ची, इतक्या वर्षांची मेहनत, सगळं जिथल्या तिथं राहणार होतं. त्याने मेजावरच्या धुळीवर बोट ओढलं. त्याला आठवली ती शेवटच्या प्रयोगाची संध्याकाळ, रिकाम्या खुर्च्यांसमोर बेंबीतून काढलेला आवाज, आणि पडदा पडल्यावर स्वतःलाच आलेला कंटाळा.

"तो माझ्यापेक्षा चांगला राजा आहे, दादा."

"त्यानं नक्कल केलीय."

"नक्कल मीही केली. तुम्ही रंगमंचावर जे करायचात त्याची. तो घरात बघून गेला. मी घरातच होतो आणि मला दिसलं नाही." भाऊ थांबला. "दिसलं नाही असंही नाही. दिसायचं. पण ते राजाचं असेल असं वाटलंच नाही कधी. मला वाटायचं ते आपल्याला सोसायचंय."

दादांनी त्याच्याकडे वळून बघितलं. "सोसायचंय," ते पुटपुटले. मग म्हणाले, "नाव ठेवलं तर तुझा दौरा बुडाला. त्याच्यानंतर तुझा राजा बघायला कोण येईल?"

"कुणी नाही."

"मग?"

"मग काय, ते माझं मी बघेन. पण माझ्यासाठी तुम्ही नाही म्हणू नका. म्हणालात तर मला दर प्रयोगाला आठवेल."

दादा उठायला लागले. भाऊने हात पुढे केला. एरवी ते हात झिडकारत. आज त्यांनी तो धरला, आणि दोघे त्या सोनेरी खांबांमधून, फळ्यांच्या बाजूने बाहेर पडले.

चहाच्या खोलीत निर्मातीबाई हात जोडल्यासारखे करून उभ्या होत्या. छोट्या भिंतीला टेकला होता. ताई दाराकडे डोळे लावून बसली होती, आणि भाऊ आत येताच तिने त्याच्या चेहऱ्यावरून ताडलं. तिचा चेहरा उतरला.

"तर मग, दादासाहेब," निर्मातीबाई म्हणाल्या, "पडद्यावरच्या पहिल्या पाटीवर तुमचं नाव..."

"हिला विचारा," दादा म्हणाले.

आपण काही चुकीचं ऐकलं की काय अशा नजरेने आईने वर बघितलं.

"तुला विचारतायत," दादा म्हणाले. पुढे आणखी काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं, बहुधा उत्तरच. ते त्यांनी मोठ्या कष्टाने गिळलं. त्यांना ते इतकं जड गेलं की वहिनीने तोंड फिरवलं.

आईने घाई केली नाही. आधी चहा संपवला. गार झाला होता, तरी शेवटच्या घोटापर्यंत संपवला. बशी पुसली, कप तिच्यावर ठेवला. निर्मातीबाईंची चुळबुळ वाढली. छोट्याने डोळे मिटून घेतले.

"नाव राहू दे," आई म्हणाली. "त्यांनीच लिहिलंय ते. आणि आता परत लावा."

"काय परत लावा?" छोट्याने डोळे उघडले.

"सिनेमा. मला नीट बघताच आला नाही. अर्धा वेळ मी यांच्याकडे बघत होते, आता उठतील, मग उठतील."

"आई, सगळा? अडीच तासांचा आहे."

"सगळा," आई म्हणाली.

प्रोजेक्टरवाल्याने कुरकुरत पहिलं रीळ पुन्हा चढवलं. सगळे परत आत गेले, पण या वेळी जागा बदलल्या. ताई मागे जाऊन एकटीच बसली, हाताची घडी घालून. थोड्या वेळाने वहिनी उठली आणि काही न बोलता तिच्या शेजारी जाऊन बसली. ताईने तिला हटकलं नाही. छोट्या दाराशी उभा न राहता चक्क जमिनीवर बसला, लहानपणी तालमी बघायला बसायचा तसा. दादांनी काठी पायांशी ठेवली, आणि मधली खुर्ची रिकामी झाली. आई सरकून तिच्यात बसली. भाऊ दादांच्या दुसऱ्या बाजूला बसला.

दिवे गेले. महाल आला, झुंबरं आली, तो हात आला. राजा प्रधानाला मत विचारू लागला आणि आई आधीच हसू लागली. दादा अंधारात भाऊकडे झुकले.

"तुझा राजा," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तो असा नको. माझ्यासारखाही नको. मी शिकवला तसाही नको."

"मग कसा?"

"ते मला माहीत नाही."

दादांना काही माहीत नाही, हे भाऊने त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. तो पडद्याकडे बघत राहिला, पण त्याला पडदा दिसेना. त्याला एक मोठं मेज दिसत होतं, आणि त्यापाशी एक घाबरलेला राजा, जो कुणालाच नाही म्हणू शकत नाही. राणी म्हणते लढा, तो म्हणतो बरोबर. प्रधान म्हणतो पळा, तो म्हणतो तेही बरोबर. वाढपी म्हणतो आणखी थोडं घ्या, आणि तो घेतो. भूक नाही, घास उतरत नाही, डोळ्यांत पाणी येतंय, तरी ताट पुढे करतो, कारण वाढणाऱ्याचं मन कसं मोडायचं. वेशीवर शत्रू उभा आहे आणि त्यालाही नाही कसं म्हणायचं हा राजाला प्रश्न पडलाय. भाऊला त्या राजाचा चेहरा इतका ओळखीचा वाटला की त्याला हसू फुटलं.

पडद्यावर तेव्हा विनोदाचं काहीच चाललं नव्हतं. राजा गंभीरपणे हात धुवत होता. मागून वहिनीने मान पुढे काढून बघितलं, की आपला नवरा एकटाच कशाला हसतोय. आणि शेजारी दादांनी, कशावर हसायचं ते न कळताच, थोडंसं हसून बघितलं.